बसच्या कपाळावरची प्रमिला

गोव्याला जाऊन आले म्हटलं की लोक आधी समुद्राचं विचारतात. समुद्र मी पाहिला. पण मी गेले होते गोलकीपरचे पॅड आणायला, आणि परत आले ती पॅड न घेता. मधे काय झालं ते सांगते.

चंदगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कुलात मी खेळ शिकवते. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली. वडील अजून आल्यागेल्या पाहुण्याला माझा पदवीचा फोटो दाखवतात, आणि मीही त्यांना अडवत नाही. शाळेत मुलींची हॉकीची टीम मी उभी केली. मैदान म्हणजे उसाच्या फडाला लागून असलेलं माळरान. आमची गोलकीपर सानिका. तिच्या आईनं मोटारसायकलच्या जुन्या सीटचा फोम आणि पोत्याचं कापड घेऊन तिला पॅड शिवून दिलेत. चेंडू लागला की त्यातून धूळ उडते आणि बाकीच्या पोरी हसतात. सानिका हसत नाही. तिला चेंडू लागलेला असतो.

कोल्हापूरच्या एका शिबिरात पेडण्याकडचे दामू सर भेटले होते. केरी गावात ते मुलींची टीम चालवतात. दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. “टीचर, आमच्या गोलकीपराक नवीन सामान मेळतलां. जुने पॅड बरे आसात, तुमी येवन व्हरा.” ‘व्हरा’ म्हणजे घेऊन जा. मी दुसऱ्या वाक्याला हो म्हटलं.

दुसरंही एक काम होतं. आम्ही आता शाळेबाहेरच्या स्पर्धेत खेळणार, तर टीमला नाव पाहिजे. पोरींची त्यावरून भांडणं. एकीला ‘वाघिणी’ पाहिजे, एकीला ‘क्वीन्स’, आणि एक म्हणते वाघ आपण कधी बघितला तरी का. मी म्हटलं, गोव्यात टीमच टीम आहेत. त्यांना नावं कशी पडली ते विचारून येते, मग ठरवू.

साखळी

तिलारीचा घाट उतरला की हवा अंगाला चिकटते. साखळीत माझी आत्या राहते. तिचे मालक, म्हणजे आमचे मामा, तिथल्या वसाहतीत कारखान्यात आहेत. आमच्याकडची बरीच माणसं या पट्ट्यात कामाला आहेत. आत्याच्या गल्लीत अर्धी बोली कोल्हापुरी ऐकू येते, अर्धी गोव्याची.

दिवाळी होऊन गेली होती, तरी रस्त्याकडेला नरकासुराचे सांगाडे पडलेले होते, नुसत्या तारा आणि बांबू. आपण किल्ले करतो, इथं नरकासुर करून जाळतात. आणि फराळाला चकली-लाडूपेक्षा पोह्यांचा मान मोठा. पोह्यांना हे लोक फोव म्हणतात. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले. आत्यानं तिन्ही शिकून घेतलेत. मला रसातले वाढले, गूळ घातलेले. मी दोनदा घेतले.

जेवताना गॅसवाला आला. दारातूनच ओरडला, “वयनी, नांव खंयचें?” आत्यानं हातातला डाव तसाच धरून दारावरच्या पाटीकडं बोट दाखवलं. त्यानं पाटी वाचली, सिलिंडर ठेवला, गेला. मी म्हटलं, “अगं आत्या, मामांचं नाव सांगायला काय झालं?”

“तू शिकलीस, तू घे हां नवऱ्याचं नाव,” आत्या म्हणाली. “मी आजवर घेतलं नाही. त्यांनी तरी माझं कुठं घेतलंय? ‘अगं’ म्हणतात, मी ‘अहो’ म्हणते. चाललंय की.”

मामा मान खाली घालून पोहे खात होते. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

सकाळी पाववाला सायकलचा भोंगा दाबत आला. त्याला इथं पोदेर म्हणतात. त्याच्या टोपलीत पावाबरोबर उंडे होते. उंडो म्हणजे गोल, वरून कडक, आतून मऊ पाव. मी त्याला विचारलं, इथल्या पोरांच्या हॉकीच्या टीमला काय म्हणतात.

“उंडे!” तो म्हणाला, आणि छाती फुगली. “नांव माजेच उंड्यांचें. पोरगे सकाळीं उपाशी येवन खेळायचे. माका बघवलां नाय. रोज पिशवी भरून दितां. दुसरे चिडवूक लागले, उंडे आयले, उंडे आयले. पोरग्यांनी तेंच शर्टार लिवलां. आता चिडवणारे खंय आसात?”

मामांनी दोन नावं आणखी सांगितली. डिचोलीकडं खाणीच्या मातीच्या मैदानावर खेळणारी एक टीम आहे. पांढरे शर्ट घेतले होते, पहिल्याच पावसाळ्यात ते कायमचे लाल झाले. नाव पडलं ‘तांबडे’. आणि मामा आधी वास्कोला बंदरात होते, तिथं ‘दुसरी पाळी’ नावाची टीम होती, कारण बाप दुसऱ्या पाळीला गेले की पोरं स्टिका घेऊन पळायची.

मला हे फार आवडलं. कुणीच बसून नाव ठरवलं नव्हतं. नाव आपलं अंगाला लागलं होतं, मातीसारखं.

केरी, पण दुसरी

आता माझी फजिती. साखळीच्या स्टँडवर मी ‘केरी’ची बस विचारली आणि दाखवलेल्या बसमध्ये जाऊन बसले. गाडी डोंगराकडं निघाली. मी मनात म्हटलं, डोंगरापलीकडं समुद्र असेल. शेवटच्या थांब्यावर उतरले. सुपाऱ्यांची झाडं, भाताची कापलेली शेतं, समोर भिंतीसारखा घाट. एक आजी परसात वाल सोलत बसल्या होत्या. मी विचारलं, “आजी, समुद्र कुणीकडं?”

आजींनी माझ्याकडं पाहिलं, मग घाटाकडं पाहिलं. “समुद्र? गो बाये, हांगा समुद्र आयलो जाल्यार आमी सगळीं बुडलीं म्हण समज!”

मग कळलं की गोव्यात केरी एकच नाही. एक ही, सत्तरीतली, घाटाखालची. दुसरी पेडण्यातली, समुद्रावरची. आजींनी मला पाणी दिलं, गूळ दिला आणि परतीच्या बसमध्ये बसवलं. वर कंडक्टरला सांगितलं, “हिका समुद्राची केरी जाय. वाटेर देंवय नाका.” म्हणजे वाटेत उतरवू नको. सगळी बस हसली. मी पदवीधर बाई खिडकीतून बाहेर बघत बसले.

केरी, समुद्राची

डिचोली, म्हापसा करत पेडण्याला पोचले तेव्हा ऊन कललं होतं. स्टँडवर एकच जुनी खाजगी बस उभी होती. काचेच्या वर, बसच्या कपाळावर, पिवळ्या रंगात मोठं नाव होतं: प्रमिला. भोवती जास्वंदीची वेल काढलेली. गोव्यात प्रत्येक बसला नाव असतं, बहुतेक देवाचं. हे माणसाचं होतं.

ड्रायव्हर साठीचे, खाकी शर्ट, गळ्यात टॉवेल. मी घाबरून विचारलं, “ही समुद्राच्याच केरीला जाते ना?”

“त्या केरीक जावन आयलांत काय?” त्यांनी विचारलं. मी मान हलवल्यावर ते पोटातून हसले. “बसा, टीचर. तुमी पॅडवाली टीचर मगे? दामूसरांनी सांगलां. दोन केरी आसात म्हणून तर आमच्या पोरांक नांव मेळलां.”

हे राघूमामा. गावात सगळे त्यांना याच नावानं हाक मारतात. मी पुढच्या सीटवर बसले आणि रस्ताभर त्यांनी मला गोष्ट सांगितली. काही वर्षांमागं दामू सरांनी मुलींची टीम काढली. गाडी नव्हती, म्हणून राघूमामा रविवारी आपली बस काढायचे. डिझेल सरांचं, बाकी काही नाही. पहिली स्पर्धा डिचोलीला होती. सरांनी टीमचं नाव नुसतं ‘केरी’ लिहिलं. तिथं घाटाखालच्या केरीचीही टीम आली होती, त्यांनीही ‘केरी’च लिहिलेलं. माइकवाला गोंधळला. कुठली केरी म्हणायचं? त्यानं मान वर केली, मैदानाच्या टोकाला बस दिसली. आणि त्यानं पुकारलं: ‘प्रमिला केरी’.

“तेच नांव ऱ्हवलां,” राघूमामा म्हणाले, आणि गियर बदलला.

“आणि बसला हे नाव कुणाचं?” मी विचारलं.

 समोर एक म्हैस रस्त्यात उभी होती, तिच्यासाठी त्यांनी गाडी थांबवली. म्हैस गेल्यावर म्हणाले, “घरचां.”

मैदान सुरूच्या झाडांमागं आहे. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. दामू सर निवृत्त मास्तर, बारीक, शिट्टी सतत तोंडात. पोरी, इथं चेडवां म्हणतात, मला बघून गोळा झाल्या. कॅप्टन तन्वी, उंच, दोन वेण्या, बोलण्यात कुणाला ऐकणारी नाही.

“टीचर, तुमच्या टीमचें नांव काय?”

“अजून नाही. म्हणून तर विचारत फिरतेय.”

“आमचें घेवन जा!” तन्वी म्हणाली. सगळ्या हसल्या. “प्रमिला! टीमचें नांव काय आजयेचें नांव? त्या केरीचीं चेडवां आमकां कशीं चिडयतात ठावक आसा? प्रमिलाकाकी, कुकर लावन आयल्यात? प्रमिलाकाकी, गुडघे बरे मगे?”

“आतां बदलतलां,” दामू सर म्हणाले, आणि मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं टीमला सगळं नवीन द्यायचं कबूल केलं होतं. बूट, शर्ट, गोलकीपरचं पूर्ण सामान, वर ने-आण करायला गाडी. अट एकच, टीमला हॉटेलचं नाव. नवे शर्ट खोक्यात येऊन पडले होते. रविवारी डिचोलीला फायनल होती, घाटाखालच्या केरीशीच. त्याच दिवशी ते घालायचे. “राघूची गाडीय आतां म्हातारी जाली. फुडें पासिंग जावचां नाय. हो म्हयनो सरलो की भंगारात. मग आमी पोरांक कशे व्हरतले, तुमीच सांगा.”

 पोरींचे बूट मी पाहिले होते, अंगठे बाहेर आलेले. आणि नवीन सामान आलं तरच जुने पॅड मला मिळणार होते. ते सरांच्या ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवले होते, जरा उसवलेले, पण खरे. मी त्यांच्यावरून हात फिरवला. त्यातून धूळ उडाली नाही.

सरांच्या घरी जेवले. तिसऱ्यांचं सुकं आणि भात. आमच्याकडं नदीतले खेकडे खातात, पण शिंपल्या अशा चमच्यासारख्या धरून खायच्या हे मला सरांच्या मंडळींनी शिकवलं. पहिल्या दोन खाली पडल्या, तिसरी तोंडात गेली.

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडायच्या वेळी मी किनाऱ्यावर गेले. पलीकडं तेरेखोलचा किल्ला, मधे फेरीबोट. राघूमामा एका पालथ्या होडीवर बसले होते. मला बघून सरकले. मी बसले. 

“तुमी विचारलात मगे, नांव कोणाचां,” ते म्हणाले. “ती माजी घरकान्न.”

म्हणजे बायको. गाडी नवी घेतली तेव्हा पेंटरनं विचारलं होतं, देवाचं कुठलं नाव लिहू? राघूमामांनी शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडं बोट दाखवलं. पेंटर म्हणाला, वहिनींचं? मग सांग की. ह्यांच्या तोंडातून नाव निघेना. जन्मात कधी घेतलंच नव्हतं. शेवटी तीच लाजून हसली आणि तिनंच पेंटरला आपलं नाव सांगितलं.

“मग म्हणाक लागली, तोंडान घेवक नाय, गाडयेर लिवलां. सगळ्या पेडण्याक दाखयता!” ते हसले. “आमकां भुरगीं जालीं नाय. ती गेली त्याच वर्सा दामूसरांनी टीम काडली. डिचोलीक मी गाडी फाटीं घेय होतंय, आणि माइकार तिचां नांव आयलां. माजो पाय ब्रेकार गेलो तो थंयच ऱ्हवलो. मागीर सगळीं चेडवां, सगळे लोक, प्र-मि-ला, प्र-मि-ला... मी गाडयेच्या फाटल्यान जावन उबो ऱ्हवलंय. तेन्नापासून एकूय मॅच सोडूक नाय.”

“पोरींना माहीत आहे?”

“नाय. आनी तुमी सांगा नाकात.” त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदाच सरळ पाहिलं. “तेंका नवे बूट मेळतले. नांवापायीं पोरांचे पांय फोडतले?”

मी कबूल केलं. सांगायचं नाही. खरं सांगते, मलाही पॅड दिसत होते.

राखणदारापाशी

रविवारी सकाळी बस निघाली. पोरी पुढं दाटीवाटीनं, स्टिका सीटखाली, नव्या शर्टांचं खोकं सरांच्या मांडीवर. मी तोवर सरांकडंच थांबले होते, आता खिडकीशी. गावची हद्द संपते तिथं वडाखाली राखणदाराची जागा आहे. राखणदार म्हणजे हद्द सांभाळणारा देव. मूर्ती नाही, दगड आहे. प्रत्येक ड्रायव्हर तिथं गाडी हळू करतो. मॅच असली की राघूमामा खाली उतरून गाऱ्हाणं घालतात.

गाऱ्हाणं आमच्याकडं नाही, म्हणून सांगते. एक माणूस नारळ हातात घेऊन देवाशी मोठ्यानं बोलतो. प्रार्थनेसारखं गोड नाही. गावच्या वडीलधाऱ्याला अडचण सांगावी तसं, रोखठोक. आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे सगळे म्हणतात, व्हय म्हाराजा.

पोरी वडाखाली गोल उभ्या राहिल्या. राघूमामांनी चपला काढल्या, टॉवेल खांद्यावर नीट केला.

“बा राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पोरी ओरडल्या. झाडावरचे पोपट उडाले.

“आज हीं तुजीं लेकरां खेळाक भायर सरल्यांत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेंच्या वाटेर कसली आडखळ येवंक दिव नाका म्हाराजा! हीं केरीचीं चेडवां...”

“थांब, राघूमामा!” तन्वी मधेच बोलली. गाऱ्हाणं असं मधे तोडत नाहीत. दामू सरांची शिट्टी तोंडातून पडली. “केरीचीं म्हणजे खंयच्या केरीचीं? त्या केरीचींय आज येतलीं! गेल्या वर्साय तू नुसती केरी म्हणालंस, आनी जिकलीं कोण? तीं! राखणदारान तेंका दिलां आसतलां!”

पोरींना ते एकदम पटलं. सगळ्या एका वेळी बोलायला लागल्या. एक म्हणाली, माझी आजी सांगते, गाऱ्हाण्यात नाव घ्यावंच लागतं. नाव नाही घेतलं तर देव कुणाला सांभाळणार?

“बरां, बरां,” सर म्हणाले. “राघू, टीमचां नांव घे. नवां नांव घे, आजपासून तेंच.” आणि त्यांनी खोक्यावरचं हॉटेलचं नाव वाचून दाखवलं. इंग्रजी, लांबलचक.

राघूमामांनी ते म्हणून बघितलं. जिभेवर बसेना. तन्वी म्हणाली, “सर, तें नांव राखणदाराक खंय ठावक आसा? तो समुद्रार खंय गेला? तेका रोज आमची गाडी दिसता. तेका प्रमिला ठावक आसा. राघूमामा, प्रमिला म्हण.”

 राघूमामा नारळ धरून उभे. मी त्यांच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. आत्याच्या हातातला डाव आठवला, दारावरची पाटी आठवली.

“म्हण मरे, राघूमामा. उशीर जाता.”

“तूच म्हण गो,” ते म्हणाले.

“गाऱ्हाणां तू घालतंस, मी कशी म्हणां?”

वडाची पानं हलत होती. त्यांनी एकदा बसकडं पाहिलं. बस वडाकडं तोंड करून उभी होती, कपाळावर जास्वंदीची वेल, पिवळं नाव. मग ते दगडाकडं वळले. आवाज पहिल्यापेक्षा खाली आला, पण स्पष्ट होता.

“बा राखणदारा म्हाराजा... हीं प्रमिलेचीं चेडवां, म्हाराजा.”

प्रमिलेच्या मुली.

“व्हय म्हाराजा!” पोरी सवयीनं ओरडल्या.  राघूमामांचे ओठ आणखी काही म्हणायला हलले. मागणं तिथंच राहिलं. त्यांनी नारळ फोडला, टॉवेलनं तोंड पुसलं आणि बसमध्ये जाऊन बसले.

तन्वी त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. मग माझ्याकडं आली आणि हळूच विचारलं, “टीचर, प्रमिला कोण?”

मी शब्द दिला होता.  पण तिनं माझ्या तोंडाकडं बघून घेतलं आणि तिला कळलं. हुशार पोर आहे.

डिचोली

मैदान तांबडं, कडेला खाणीचा कापलेला डोंगर. घाटाखालच्या केरीची टीम आधीच आली होती. आमची बस बघून त्या ओरडल्या, “प्रमिलाकाकी आयल्यो! वाट दियात!”

“व्हय, आयल्यो!” तन्वीनं तिथूनच उत्तर दिलं. “पाट मांडून दवर, काकी बसतली!”

सरांनी खोकं उघडलं, शर्ट वाटायला घेतले. एकही हात पुढं आला नाही.

“अगो, काय जालां?”

“सर,” तन्वी म्हणाली, “राखणदाराक आमी एक नांव सांगलां. आता दुसरां नांव घालून कशीं खेळतलीं? तो सोदतलो कोणाक?”

सरांनी तिला समजावलं. हॉटेलवाले मॅच बघायला येणार होते. बुटांची आठवण करून दिली. सर वाईट नव्हते. आपल्या पोरींच्या फाटक्या बुटांची लाज त्यांना पोरींपेक्षा जास्त वाटायची.  शेवटी ते माझ्याकडं वळले. “टीचर, तुमी शिकलेली आसात. सांगा तेंका.”

बसमध्ये मागच्या सीटवर पॅड होते. सरांनी माझ्यासाठी आधीच चढवून ठेवले होते. मी म्हटलं, “सर, नाव बदलायचं तर बसला ऐकू येईल अशा टापूत तरी बदलू नका.” हे काही शहाणपणाचं उत्तर नव्हतं. पण सरांनी माझ्याकडं पाहिलं, मग दूर बसमागं उभ्या असलेल्या राघूमामांकडं पाहिलं. दोघं जुने शेजारी. सरांना सगळं माहीत होतं. दोघांनी कधी तो विषय काढला नव्हता एवढंच. सरांनी खोकं बंद केलं.

माइकवाल्यानं पुकारलं, “प्रमिला केरी!”

मॅचचं काय लिहू? हरल्या. खोटं लिहीत नाही. चांगल्या खेळल्या, तन्वीनं एक सुरेख गोल केला, आणि शेवटी घाटाखालच्यांनी एक जास्त केला. पण त्या मॅचभर जे ओरडणं झालं! पोरी एकमेकींना नावानं हाक मारतच नव्हत्या. पास दे म्हणायचं तरी ‘प्रमिला!’, सांभाळ म्हणायचं तरी ‘प्रमिला!’. अर्ध्या खेळानंतर मी मागं पाहिलं. राघूमामा बसच्या मागं नव्हते. पुढं येऊन मैदानाच्या रेषेशी उभे होते, सगळ्यांसारखे, टॉवेल हातात घेऊन.

मॅचनंतर पोरी रडत-रागावत त्यांच्याकडं गेल्या. “राघूमामा, नांव घेवनय हरलीं! गाऱ्हाण्यात काय तरी चुकलां!”

“चुकलां,” ते म्हणाले. “जिकय म्हण सांगूक मी विसारलंय.”

जिंकव एवढं म्हणायचंच विसरले होते! तन्वी अशी हसायला लागली की तिला खाली बसावं लागलं. सगळ्याच हसल्या. रडणं आणि हसणं एकात एक.

हॉटेलवाले हात जोडून निघून गेले. खोकं त्यांच्या गाडीत गेलं, त्यांनी बरोबर आणलेलं गोलकीपरचं सामान आणि बूटही परत. दामू सर माझ्यापाशी येऊन शिट्टी हातात फिरवत उभे राहिले. खेळापुरते घातलेले पॅड पुन्हा बसच्या मागच्या सीटवर ठेवले होते; मी ते उतरवले आणि त्यांच्या गोलकीपरच्या पायाशी नेऊन ठेवले. तीही पोर अंगठा बाहेर आलेले बूट घालून उभी होती.

परतताना राघूमामांनी मला साखळीच्या फाट्यावर सोडलं. म्हणाले, “गाडी जातली, टीचर. जावंदी. आतां ती गाडयेर ऱ्हवली नाय.”

घरी

पोदेरकडून घेतलेले उंडे घाटातच वाळून दगड झाले. पोरींनी ते चहात बुडवून खाल्ले. “मॅडम, पॅड?” त्यांनी विचारलं. मी त्यांना हे सगळं सांगितलं, इथं लिहिलंय तसंच. सानिका आपले पोत्याचे पॅड मांडीवर घेऊन ऐकत होती. संपल्यावर कुणी ‘वाघिणी’ म्हटलं नाही, कुणी ‘क्वीन्स’ म्हटलं नाही.

मग एकीनं विचारलं, “सान्या, तुझ्या आईचं नाव काय गं?”

खरंच की. ती आम्हा सगळ्यांना ‘सानिकाची आई’ म्हणून माहीत. तिचा नवरा तिला ‘ऐकलं का’ म्हणतो. सासू ‘पोरी’ म्हणते.

“मंगल,” सानिका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सरावाला पोरींनी ते नाव घसा ताणून वापरून बघितलं. मं-गल! मं-गल! माळरानाला लागून उसाचा फड आहे ना, तिथं पाला काढणं चाललं होतं. थोड्या वेळानं ऊस हलला आणि सानिकाची आई बांधावर आली, धावत, हातात विळा, डोक्याचा पदर घसरलेला. तिनं आमच्या सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं.

“कोण हाक मारतंय गं मला?”